कॅलेंडरातली रिकामी चौकट

नमस्कार श्रोतेहो. माझा दवाखाना बडोद्यात, दांडिया बाजारात आहे, आणि आज मी प्रोस्टेटच्या, म्हणजे पुरुषांच्या मूत्राशयाखाली असलेल्या ग्रंथीच्या, कॅन्सरबद्दल बोलणार आहे. घरात वडील, काका, आजोबा असतील तर त्यांनाही हाक मारा.

माझ्या ताईचे यजमान, आमचे भावोजी, त्या वर्षी 66 चे होते. रात्री दोन-तीनदा उठावं लागतं म्हणून रक्त तपासलं, तर पीएसए, म्हणजे प्रोस्टेटमधून रक्तात येणारं प्रथिन, 6.8. मग एमआरआय, मग बायोप्सी. बारा तुकडे काढले, त्यातल्या दोनांत कॅन्सर, ग्लिसन, म्हणजे कॅन्सर किती आक्रमक दिसतो ते सांगणारा दहापर्यंतचा आकडा, 3 अधिक 3, म्हणजे 6. ताई म्हणाली, "अरे, दहापैकी सहा! म्हणजे निम्म्याच्या वर गेलं की रे." तसं नाही. बायोप्सीच्या रिपोर्टात हा आकडा सहसा सहापासूनच सुरू होतो. सहा ही खालची पायरी. हे रिपोर्ट आपल्या भाषेत का मिळू नयेत? ज्या बडोद्यात सयाजीरावांनी 1906 साली संस्थानभर सक्तीचं शिक्षण केलं, त्या बडोद्यात शिकलेली माणसं स्वतःच्या आजाराचा कागद वाचू शकत नाहीत, याचं मला फार वाईट वाटतं. असो.

तर, पीएसए 10 च्या खाली, ग्लिसन 6, आणि गाठ ग्रंथीच्या आतच, छोटी. याला कमी जोखमीचा म्हणतात. पुन्हा सांगतो: दहाच्या खाली, सहा, आणि आतच.

संध्याकाळी ताईच्या स्वयंपाकघरात बसलो होतो. पुण्याहून भाच्याचा फोन, स्पीकरवर. "मामा, तू बाबांना सांग ना. ऑपरेशन करून एकदाच ग्रंथी काढून टाकू दे, डोक्याला ताप नको." भावोजी इतका वेळ गप्प होते. मग म्हणाले, "मला कुणी विचारलंय का? एकादशीला मी तीन तास मांडी घालून पेटी वाजवतो. लघवी थांबली नाही तर पॅड बांधून बसू का विठोबापुढे?" फोनवरही शांतता झाली.

प्रश्न अगदी बरोबर होता. या ऑपरेशनात पूर्ण ग्रंथी काढतात. वाढलेली ग्रंथी दुर्बिणीतून खरवडतात ते ऑपरेशन वेगळं, त्यात गल्लत करू नका. पूर्ण ग्रंथी काढल्यावर आठवडाभर किंवा जास्त नळी असते, मग काही महिने लघवी गळते. बहुतेकांची आवरते, काहींची आवरत नाही. शरीरसंबंधाची ताकद बऱ्याच जणांची कमी होते. हे नवरा-बायकोने आधीच एकमेकांशी बोलावं. आपल्याकडे डाळीच्या भावावर तासभर चर्चा होते, आणि या विषयावर चाळीस वर्षं संसार केलेली माणसंही एकमेकांची नजर टाळतात.

भावोजींनी लगेच ऑपरेशन न करता देखरेख निवडली, म्हणजे ठरल्या वेळी तपासण्या करत राहायचं. दर सहा महिन्यांनी पीएसए, वर्षातून एकदा डॉक्टरांची बोटाने तपासणी, ठरल्या वेळी पुन्हा एमआरआय आणि बायोप्सी. ताईने कालनिर्णयच्या चौकटीत दुधाच्या नोंदीशेजारी पेन्सिलीने लिहिलं, 'पीएसए'. दोन वर्षं नीट चाललं. तिसऱ्या वर्षी भाचीचं लग्न आलं, मग पावसाळा आला, आणि भावोजी म्हणायला लागले, "मला काही होत नाही रे." एके दिवशी जुनं कॅलेंडर रद्दीत टाकताना ताईचा हात थांबला. सबंध वर्षात 'पीएसए' एकदाच लिहिलेला, तोही खाडाखोड केलेला. नव्या कॅलेंडरात तर चौकट रिकामीच. चौदा महिने तपासणी नव्हती! ती जुनं पान घेऊन माझ्या दवाखान्यात आली आणि म्हणाली, "तू डॉक्टर आणि तुझ्याही लक्षात नाही?" खरंच नव्हतं. चूक माझीही होती.

त्या वेळी केलेल्या बायोप्सीत ग्लिसन 3 अधिक 4, म्हणजे 7 निघाला, एक पायरी वर. रोग ग्रंथीच्या आतच होता, आणि भावोजींनी स्वतःहून ऑपरेशन करून घेतलं. तीन महिने पॅड लागलं. आता लागत नाही, पेटी सुरू आहे. पण ते चौदा महिने आठवले की आजही माझ्या पोटात कालवतं. म्हणून सांगतो: देखरेख म्हणजे दुर्लक्ष नव्हे. देखरेख म्हणजे तारीख पाळणं.

ब्रिटनमध्ये हा कॅन्सर असलेल्या 1643 पुरुषांचे तीन गट करून पंधरा वर्षं पाहिलं: देखरेख, ऑपरेशन, रेडिएशन. या कॅन्सरने दगावलेले प्रत्येक गटात शंभरात तीनच्या आसपास. मात्र देखरेखीच्या गटात रोग इतरत्र पसरलेले शंभरात नऊ, बाकी दोन्ही गटांत पाच. आणि देखरेखीतल्या दहापैकी सहा जणांनी पुढे उपचार घेतलेच. त्यांतले सगळेच कमी जोखमीचे नव्हते, आणि त्यांची देखरेख आजच्याइतकी कडक नव्हती.

मग ऑपरेशन कुणी करावं? ज्याला शरीरात कॅन्सर आहे या विचाराने झोपच लागत नाही, त्याचंही कारण खरं आहे. कमाटी बागेत सकाळी माझ्याबरोबर फिरणारे एक गृहस्थ तसेच होते, त्यांनी ऑपरेशन केलं, समाधानी आहेत. वडिलांना किंवा भावाला हा रोग असेल तर डॉक्टरांना आधी सांगा.

ग्लिसन 6 असेल तर विचार करायला काही आठवडे नक्की असतात. लॅबमधून बायोप्सीच्या काचा, म्हणजे तपासलेल्या तुकड्यांच्या स्लाइड, मागून घ्या, त्या दुसऱ्या पॅथॉलॉजिस्टला दाखवा, आणि डॉक्टरकडे जाताना बायकोला बरोबर न्या. नमस्कार.