हातावर पोट असलेलं जंगल

[दृश्य : ड्रोनमधून ॲमेझॉनचं जंगल]

निवेदन :
हे ॲमेझॉनचं जंगल. तीस-चाळीस मीटर उंचीची झाडं, एकमेकांना खेटून उभी. एवढी हिरवाई पाहिली की कुणालाही वाटेल, इथली जमीन कसदार असणार.

तसं नाही. इथली बरीचशी माती निकस आहे. लाखो वर्षांच्या पावसानं तिच्यातलं कॅल्शियम, पोटॅशियम, मॅग्नेशियम धुऊन नेलंय. मागे राहिली ती लोह आणि ॲल्युमिनियमची ऑक्साइडं असलेली लाल-पिवळी चिकणमाती. तिच्यात जो काही फॉस्फरस आहे, तोही ती इतका घट्ट धरून ठेवते की मुळांना सहजी मिळत नाही.

मग हे जंगल जगतं कशावर? या जंगलाचं पोट हातावर आहे. गाठीला फारसं काही नाही. जे खाली पडेल, ते लगेच पुन्हा वर.

[दृश्य : पाचोळा, अगदी जवळून]

पाचोळ्याचा वरचा थर बाजूला केला की हे दिसतं. वरची पानं कोरडी, अख्खी. खालची ओली, काळपट, जाळी पडलेली. त्यांवर बुरशीचे पांढरे तंतू. आणि नीट पाहा, केसासारखी बारीक मुळं चक्क पानाला चिकटलेली आहेत. अन्न मातीत उतरेपर्यंत थांबायला या मुळांना सवडच नाही. पान पुरतं कुजायच्या आत त्यातला फॉस्फरस बुरशीमार्फत झाडाकडे निघालेलाही असतो. थंड प्रदेशात पान कुजायला वर्षं लागतात. इथं ऊब, ओल आणि वाळवी मिळून काही महिन्यांत त्याचा निकाल लावतात. झाडही काही कमी चिक्कू नाही. पान गाळण्याआधी त्यातला बराचसा फॉस्फरस ते आधीच काढून घेतं!

व्हेनेझुएलात, रिओ नेग्रो नदीच्या काठी, सान कार्लोस इथं शास्त्रज्ञांनी याची परीक्षा घेतली. मुळांच्या या थरावर त्यांनी, माग काढता यावा म्हणून, किरणोत्सारी कॅल्शियम आणि फॉस्फरस शिंपडला. १९७८ साली निष्कर्ष प्रसिद्ध झाले. थरातून खाली झिरपला होता फक्त ०.१ टक्का.

तरीही थोडी गळती होतेच. पावसापुराबरोबर दरवर्षी काही फॉस्फरस वाहून जातो. त्याची भरपाई होते ती थेट सहारातून. चाड देशातल्या बोडेले खोलगटात एके काळी तळं होतं. त्या कोरड्या तळाची धूळ वाऱ्यावर अटलांटिक ओलांडून येते. नासाच्या उपग्रहावरून २०१५ मध्ये हिशेब मांडला गेला : ॲमेझॉनच्या खोऱ्यात वर्षाला सरासरी २ कोटी ७७ लाख टन धूळ पडते, आणि तिच्यात सुमारे २२ हजार टन फॉस्फरस असतो. जेवढा वाहून जातो, साधारण तेवढाच.

[दृश्य : पाऊस थांबल्यावर झाडांवरून उठणारी वाफ]

पाण्याचीही तीच गत. इथला पाऊस येतो अटलांटिकवरून, पूर्वेकडून पश्चिमेकडे. १९७० च्या दशकात ब्राझीलचे शास्त्रज्ञ एनेआस सालाती यांनी त्या पावसाच्या पाण्यातला ऑक्सिजन तपासला. जड ऑक्सिजन, म्हणजे थोडे जास्त वजनाचे ऑक्सिजनचे अणू, असलेलं पाणी आधी बरसून जातं, म्हणजे जसजसं आत जावं तसतसं पाऊसपाणी हलकं व्हायला हवं. पण ते अपेक्षेइतकं हलकं होत नव्हतं. कारण पडलेलं पाणी झाडं मुळांनी ओढून पानांवाटे परत हवेत सोडत होती, जड-हलकं सगळं. जवळपास निम्मा पाऊस असा जंगलानंच पुन्हा वर पाठवलेला असतो, असा त्यांचा निष्कर्ष निघाला.

हेच बाष्प अँडीज पर्वताला अडून दक्षिणेकडे वळतं. ब्राझीलमध्ये या प्रवाहांना ‘उडत्या नद्या’ म्हणतात. नाव काव्यमय आहे खरं, पण आकडे बघा. ब्राझीलचेच शास्त्रज्ञ अंतोनियो नोब्रे यांच्या अंदाजाप्रमाणे ॲमेझॉनची झाडं दिवसाला २० अब्ज टन पाणी हवेत सोडतात. खुद्द ॲमेझॉन नदी समुद्रात ओतते ते सुमारे १७ अब्ज टन.

कोरड्या महिन्यांतही हे थांबत नाही. पूर्व ॲमेझॉनमध्ये झाडांची मुळं आठ मीटरपेक्षाही खोल गेलेली सापडली आहेत. उन्हाळ्यात ती तिथलं पाणी उपसतात. दक्षिण ॲमेझॉनमध्ये तर समुद्रावरून पाऊस आणणारे वारे यायच्या दोन-तीन महिने आधीच झाडांच्या बाष्पानं पावसाळा सुरू होतो, असं २०१७ च्या एका अभ्यासात दिसलं.

[दृश्य : तोडलेलं जंगल, पलीकडे सोयाबीनची शेतं]

जंगल जाळलं की राखेवर दोन-तीन पिकं बरी येतात. मग माती हात वर करते आणि खताच्या गोण्या आणाव्या लागतात. खत विकत मिळतं. पावसाचं तसं नाही. दक्षिण ॲमेझॉनमध्ये जिथं तोड जास्त, तिथं पावसाळा उशिरा सुरू होऊ लागलाय. ब्राझीलच्या मातो ग्रोसो राज्यातले शेतकरी एकाच पावसाळ्यात आधी सोयाबीन आणि मग मका घेतात. पहिला पाऊस लांबला की मक्याला पाणी पुरत नाही.