'फाउंडेशन' अर्धवट सोडताय? मग तिथेच थांबू नका

(हातात पुस्तक, खूण तिसऱ्या भागात)

आयझॅक असिमोव्हचं 'फाउंडेशन' हे विज्ञानकथेचं पुस्तक मोठ्या हौसेनं घेतलं, शंभरेक पानं वाचली आणि आता उचलवत नाही? पात्रं पुठ्ठ्याची वाटतात? आहेतच पुठ्ठ्याची. तुमचं काही चुकलेलं नाही.

पुस्तक १९५१चं, पण सलग कादंबरी नाही. पाचपैकी चार भाग म्हणजे १९४२ ते १९४४ मध्ये मासिकात आलेल्या कथा. पहिला भाग मागाहून जोडलेला. त्यामुळे गणितज्ञ हॅरी सेल्डनशी जरा ओळख होतेय तोच पन्नास वर्षं उलटतात आणि समोर साल्व्हर हार्डिन. तो निदान दोन भाग टिकतो. मग पोन्येट्स, मग होबर मॅलो. जीव लावायचा कुणाला?

पण खरं दुखणं त्याहून खोल आहे. सेल्डनचं शास्त्र म्हणजे मनोइतिहास, माणसांच्या प्रचंड समूहाचं भविष्य गणितानं सांगणं. वायूचा एकेक रेणू कुठे जाईल ते सांगता येत नाही, पण डबाभर वायूचा दाब काढता येतो; अब्जावधी माणसांचंही तसंच. एकटा माणूस ज्या गणितात धरायचाच नाही, त्या गोष्टीत माणूस भरीव कसा होणार?

(पान कॅमेऱ्याजवळ)

खात्री करायचीय? दुसऱ्या भागातलं संवादांचं एक पान घ्या, नावं बोटानं झाका आणि वाचा. सगळे एकाच वकिलाच्या तोंडून बोलल्यासारखे वाटतात. बायका तर औषधापुरत्या! पाचव्या भागात कोरेल नावाच्या राज्याच्या सत्ताधीशाची बायको येते, ती नवऱ्याला टोमणे मारण्यापुरती.

तेव्हा हे पुस्तक खुशाल मिटा, पण मालिका सोडू नका. दुसरं पुस्तक घ्या, 'फाउंडेशन अँड एम्पायर', १९५२चं. त्याचा पहिला भाग सोडून थेट दुसरा, 'द म्यूल', उघडा. सेल्डनच्या गणितात न बसणारा एकच माणूस येतो आणि सगळी योजना डळमळते. इथे माणूस मोजावाच लागतो, म्हणून लेखकाचा हातही बदलतो. नुकतंच लग्न झालेली बायता बघा: चेष्टा करते, चिडते, एका घाबरलेल्या विदूषकाला सांभाळून घेते. तिचा हा स्वभाव कथेत नुसता शोभेला नाही.

मागचं एवढंच माहीत हवं: आकाशगंगेचं साम्राज्य कोसळतंय, तीस हजार वर्षांचा अंधार हजारावर आणायची सेल्डनची योजना आहे आणि संकटाच्या वेळी त्याची आधीच चित्रित केलेली प्रतिमा टर्मिनसवर, म्हणजे फाउंडेशनच्या ग्रहावर, बोलते. बस्स. मलपृष्ठ मात्र वाचू नका, शेवट फुटण्याची भीती आहे.

चाळीस पानांत बायताही आवडली नाही, तर दोन्ही पुस्तकं लायब्ररीला परत.