अल्फ्रेड वॉलिस आणि "हे तर माझी मुलगीही काढेल"

नमस्कार मंडळी! मागच्या व्हिडिओत अल्फ्रेड वॉलिसचं चित्र जेमतेम दोन सेकंद दाखवलं आणि कमेंटमध्ये एकच सूर: "दादा, हे तर माझी केजीतली मुलगीही काढेल." काढलं तर जपून ठेवा हो! पण आधी वॉलिस.

पटापट सांगतो. जन्म 1855, इंग्लंडमधलं डेव्हनपोर्ट. शिडाच्या जहाजांवरचा खलाशी, पार न्यूफाउंडलंडपर्यंत जाऊन आलेला. मग कॉर्नवॉलच्या सेंट आयव्हज गावात बोटींच्या भंगाराचा धंदा. 1922 मध्ये बायको सुझन गेली. (ती त्याच्याहून वीसेक वर्षांनी मोठी होती. हो, माहितीये, लिहू नका.) रिकामं घर खायला उठायचं, म्हणून सत्तरीच्या आसपास सोबतीला चित्रं सुरू केली. 1928 मध्ये बेन निकल्सन आणि ख्रिस्तोफर वुड हे चित्रकार त्याच्या दारावरून जात होते. आत भिंतीवर ठोकलेली चित्रं त्यांना दिसली.

आता माझा राग. त्याची चित्रं बघून लोक म्हणतात, "माप चुकलंय." नाही चुकलेलं! जहाज मोठं, घरं इवलीशी, कारण त्याच्या लेखी जहाज मोठं होतं.

मालवणला माझ्या मामांनी एकदा बंदरात शिरायची वाट कागदावर काढून दाखवली. खडप, म्हणजे पाण्यातला खडक, काढलं घरापेक्षा मोठं. मी हसलो. मामा म्हणाले, "घर खंय बोटीक लागता? खडपच लागता मां?"

अजून पटत नाही? मग वॉलिस ज्यावर रंगवायचा तो पुठ्ठा बघा. वाण्याकडचे खोके, वेडेवाकडे कापलेले. कडा तिरकी असेल तर जहाजही त्या कडेबरोबर कलतं. रंग मोजकेच, बोटीला लावायचे. कित्येक ठिकाणी पुठ्ठ्याचा तपकिरी तसाच सोडलाय, तीच वाळू, तेच पाणी. मीही खोका कापून बसलो होतो. जहाज काही कललं नाही, फक्त वाकडं दिसलं.

समोर बसून काढायला ती शिडाची जहाजं उरलीच नव्हती, वाफेच्या बोटी आल्या होत्या. सगळं आठवणीतून. आठवणीत कुठली पट्टी घेऊन मोजणार?

लंडनच्या टेट संग्रहालयात काम करणारे जिम ईड टपालाने चित्रं मागवायचे, काही शिलिंगांना एक. आज त्यातली बरीच केंब्रिजच्या केटल्स यार्ड या संग्रहालयात आहेत. वॉलिस मात्र 1942 मध्ये कॉर्नवॉलमधल्याच मॅड्रनच्या अनाथ-गरिबांच्या आश्रमात वारला. सेंट आयव्हजमधल्या त्याच्या थडग्यावर बर्नार्ड लीच या कुंभार-कलावंताने घडवलेल्या फरशा आहेत: प्रचंड दीपगृह, आणि पायथ्याशी बोटाएवढा खलाशी.

तिथे जाऊन सांगा माप चुकलंय म्हणून.