खानावळीचं ताट आणि हॉटेलचं मेनूकार्ड

नमस्कार, श्रोतेहो. बेळगाव, खानापूर, निपाणी, आज कुठल्याही हॉटेलात बसा, चार-सहा पानी मेनूकार्ड पुढ्यात येतं. एवढे पदार्थ पंधरा मिनिटांत येतात कसे, हे भटारखान्यात डोकावल्याशिवाय कळत नाही.

खानावळीत कार्डच नव्हतं. भाकरी, एणगाई म्हणजे भरली वांगी, उसळ, शेंगांची चटणी, ताक. जे रांधलं ते ताटात. ज्वारीची भाकरी तव्यावरून थेट ताटात पडली तर खरी. तासाभरात ती वातड होते. म्हणून जेवणाची वेळ ठरलेली आणि गिऱ्हाईकही ठरलेलं: विद्यार्थी, बदलीवरचे नोकरदार, कोर्टकचेरीला आलेली माणसं. हौसेनं बायकामुलांना न्यायची ती जागा नव्हेच.

उडुपी हॉटेलांनी वेळेचं हे बंधन तोडलं, ते आंबवलेल्या पिठाच्या जोरावर. इडलीला 2 वाट्या रव्याला 1 वाटी उडीद डाळ, डोशाला 3 ते 4 वाट्या तांदळाला 1. उन्हाळ्यात 8 तासांत पीठ फुगतं, आपल्याकडच्या पावसाळ्यात 12 ते 14 तासही लागतात. घाई केली तर इडली गच्च, विसरलं तर आंबट. पण पीठ एकदा साधलं की सकाळपासून रात्रीपर्यंत कुणीही या, खा.

कुणीही? तसं नव्हतं. जातीप्रमाणे बसायची जागा वेगळी, कप वेगळे, कित्येकांना तर दारातच अडवलं जाई. 1950 साली लागू झालेल्या राज्यघटनेच्या 15व्या कलमात दुकानांच्या जोडीला उपाहारगृहांचाही उल्लेख करावा लागला, तो उगाच नाही. बायकांसाठी पुढे पडद्याआडची 'फॅमिली रूम' निघाली.

मग ढाबे आणि पंजाबी जेवण आलं. त्याचं सगळं मर्म दोन पातेल्यांत. लाल ग्रेव्ही कांदा-टोमॅटोची, पांढरी काजू, मगज (म्हणजे कलिंगड-खरबुजाच्या सोललेल्या बिया) आणि उकडलेल्या कांद्याची. ऑर्डर आली की डावभर ग्रेव्ही कढईत. पनीर पडलं की पनीर मसाला, काजू पडले की काजू करी. कांदा कमी परतला तर कच्चा वास राहतो, करपला तर सगळं पातेलं कडू. गरम ग्रेव्ही तशीच झाकून ठेवली तर आंबते, त्यातही पांढरी आधी. पसरट भांड्यात लवकर गार करून ती फ्रिजमध्ये ठेवावी लागते. मूळ ग्रेव्ही या दोनच, म्हणून पन्नास नावं आणि चवी दोन-तीन, ही तक्रार खरी आहे.

आता भाकरीही कार्डावर आली आहे, 'उत्तर कर्नाटक थाळी' म्हणून. ती मागवायची तर दुपारी एक-दोनच्या गर्दीत मागवा. तेव्हा तवा तापलेला असतो. चार वाजता मागितलीत तर दुपारचीच शेकून मिळायची.