गाठीत उष्णता पेरताना

नमस्कार, श्रोतेहो. अंधारात टॉर्चवर तळहात ठेवला की बोटं लालसर दिसतात. निळा-हिरवा प्रकाश रक्त अडवतं, लाल तेवढा पार होतो. लालच्या पलीकडचा, डोळ्यांना न दिसणारा अवरक्त प्रकाश त्याहूनही खोल शिरतो. साधारण 650 ते 950 नॅनोमीटर ही शरीराची पहिली खिडकी, 1000 ते 1350 ही दुसरी. या खिडकीतला प्रकाश गिळणारे पॉलिमरचे सूक्ष्म कण कर्करोगाच्या गाठीपर्यंत पोचवले, तर त्यांच्याच आधारे गाठ पाहता येते आणि तापवून मारताही येते.

हे पॉलिमर साधं प्लास्टिक नव्हे. त्याच्या साखळीत एकाआड एक दुहेरी बंध असतात, म्हणून इलेक्ट्रॉन साखळीभर पसरतात. रंग ठरवायची युक्ती सोपी आहे: इलेक्ट्रॉन देणारा घटक आणि ओढून घेणारा घटक आलटून पालटून गुंफायचे. देणारा बहुधा थायोफीनच्या, म्हणजे गंधक असलेल्या कार्बनी कड्याच्या, घराण्यातला. घेणारा डायकीटोपायरोलोपायरोल, म्हणजे प्रयोगशाळेच्या भाषेत डीपीपी. मोटारींच्या लाल रंगात वापरतात त्याच कुळातला हा पदार्थ! ओढ जितकी जोरकस, तितकं शोषण लांब तरंगलांबीकडे सरकतं.

गिळलेल्या प्रकाशाला तीन वाटा असतात. तो चमक होऊन बाहेर पडतो, ऑक्सिजनला चिथावतो किंवा उष्णता होतो. आपल्याला तिसरी वाट हवी. पाहण्यासाठीसुद्धा तीच. काही नॅनोसेकंदांचा लेझर झोत पडला की कण तापतो, भोवतालचं पाणी प्रसरण पावतं आणि ध्वनिलहर निघते. अंशाच्या हजाराव्या भागाइतकी तापमानवाढ सुमारे 800 पास्कल दाब निर्माण करते, आणि अल्ट्रासाउंडचा ग्राहक तो सहज ऐकतो. हा प्रकाशध्वनी परिणाम अलेक्झांडर ग्रॅहॅम बेल यांनी 1880 मध्ये नोंदवला होता.

आता कृती. अर्धा मिलिग्रॅम पॉलिमर आणि त्याच्या दहापट पेग (पॉलिइथिलीन ग्लायकॉल, पाण्यात मिसळणारी साखळी) जोडलेलं लिपिड, म्हणजे स्निग्ध पदार्थ, 1 मिलिलिटर टेट्राहायड्रोफ्युरान या विद्रावकात विरघळवायचं. द्रावण आधी गाळायचं, कारण लांब साखळ्यांचे न विरघळलेले गठ्ठे डोळ्यांना दिसत नाहीत. मग ध्वनिस्नानात, म्हणजे अल्ट्रासाउंडने हलवणाऱ्या भांड्यात, ठेवलेल्या 9 मिलिलिटर पाण्यात ते एका दमात सोडायचं. एका दमातच, कारण थेंब थेंब सोडलं तर थोडेच कण जन्मतात आणि तेच फुगत राहतात. विद्रावक नायट्रोजनच्या झोताने उडवायचा. तो मागे राहिला तर कण मऊ पडून एकमेकांत मिसळतात. शेवटी 0.22 मायक्रॉनच्या गाळणीतून गाळायचं.

इथे दोन चुका हमखास होतात. गाळणीत पॉलिमरचा काही भाग अडकतो, तरी हिशेब मात्र सुरुवातीला टाकलेल्या वजनाचाच मांडला जातो. द्रावणातलं पॉलिमरचं खरं प्रमाण गाळल्यानंतरच्या शोषणावरून काढावं. दुसरी चूक म्हणजे पाण्यात कण नीट दिसले की समाधान मानणं. पेग कमी असेल तर पाण्यात कणांना विद्युतभार सावरून धरतो. सलाइनमधले क्षार तो भार झाकतात आणि काही तासांत तळाशी गाळ बसतो. चाचणी सलाइनमध्ये आणि रक्तद्रवात हवीच. आकार 30 ते 100 नॅनोमीटर ठेवलेला बरा. सुमारे 6 नॅनोमीटरखालचे कण मूत्रपिंड काढून टाकतं, 200 च्या वरचे यकृत आणि प्लीहा चटकन पकडतात.

‘इतके टक्के प्रकाश उष्णतेत बदलतो’ हा आकडा अभिमानाने सांगितला जातो. माझ्या मते तो एकटा फसवा आहे. शोषण क्षीण असलेल्या पॉलिमरची टक्केवारी कितीही चांगली असली, तरी गाठ तापत नाही. दर ग्रॅममागचं शोषण आणि ही टक्केवारी यांचा गुणाकार पाहावा. मोजतानाही कोऱ्या पाण्याची उष्णता वजा करायला हवी, कारण 980 नॅनोमीटरच्या प्रकाशाला पाणी स्वतःच तापतं आणि 1064 लाही थोडं तापतं. लेझर किती जोरात लावला हेही तपासा. त्वचेसाठीची प्रचलित मर्यादा 808 नॅनोमीटरला चौरस सेंटिमीटरमागे साधारण 0.33 वॅट आहे, 1064 ला 1 वॅट. उंदरांवरचे कित्येक प्रयोग 808 ला 1 वॅट वापरून केलेले असतात.

गाठीतलं तापमान 43 अंशांवर बराच वेळ टिकवलं तर पेशी मरतात, 50 च्या पुढे काही मिनिटं पुरतात. पण कडेला उष्णता रक्तप्रवाहाबरोबर वाहून जाते. मोठ्या रक्तवाहिनीलगतचा भाग थंड राहतो आणि रोग तिथूनच परततो. म्हणून तापवण्याआधी प्रकाशध्वनी चित्रात कण कुठवर पसरलेत ते पाहायचं आणि झोत त्या बेताने लावायचा.

टोचलेल्या कणांपैकी गाठीत फार थोडे पोचतात. 2016 च्या एका मोठ्या आढाव्यात नॅनोकणांसाठी मध्यक 0.7 टक्के निघाला. बहुतेक उरलेले यकृतात साठतात आणि ही साखळी सहज तुटत नाही. त्यावर उपाय म्हणून साखळीत मुद्दाम व्हिनिलीनचा, म्हणजे दोन कार्बनमधल्या दुहेरी बंधाचा, कच्चा दुवा गुंफतात, पांढऱ्या पेशींतली विकरं (एन्झाइम) तो तोडू शकतात. हाच दुवा प्रकाश आणि हवेनेही झिजतो. तेव्हा अशी बाटली अंधारात, 4 अंशांवर ठेवावी. गोठवायची वेळ आलीच तर आधी ट्रेहॅलोज साखर घालावी, नाहीतर बर्फाचे स्फटिक कणांना एकमेकांवर दाबतात आणि वितळल्यावर ते सुटे होत नाहीत.