कॉर्कमधले पहिले तीन दिवस: घंटा, मासे आणि लोण्याची पिंपं

(दृश्य: ली नदीवरचा पूल, पाऊस, छत्री उलटी होते)

ही आमची दुसरी छत्री, पहिली कालच गेली. मार्चचा पहिला आठवडा आहे, मोबाइल ७ डिग्री दाखवतोय पण नदीवरून येणारा वारा मोबाइलला कुठे लागतोय! आयर्लंडची राजधानी डब्लिनला उतरून बसने साधारण तीन तास, असे आम्ही दोघं कॉर्कला आलो. जाड जॅकेटं ज्या बॅगेत होती ती विमानवाल्यांनी भलतीकडेच पाठवली, दोन दिवसांनी मिळाली, त्यामुळे सुरुवातीच्या शॉट्समध्ये नवरा माझी शाल गुंडाळून फिरताना दिसेल, हसू नका.

(दृश्य: वळणदार रस्ता, दुकानं)

हा सेंट पॅट्रिक्स स्ट्रीट. इतका वाकडा, कारण खाली नदीचा फाटा आहे, अठराव्या शतकात तो झाकून वर रस्ता केला.

(दृश्य: इंग्लिश मार्केट, बर्फावर मासे)

इंग्लिश मार्केट, १७८८ पासूनचं. बाहेर पाऊस म्हणून आत शिरलो आणि दीड तास तिथेच. हा मोठ्या जबड्याचा मंकफिश, याचं तोंड बघून नवरा दोन पावलं मागे सरकला ते कॅमेऱ्यात आलंय. शेजारी बांगड्याचा भाऊ शोभेल असा मॅकरेल, आणि ती काळपट गुंडाळी म्हणजे ड्रिशीन, रक्ताची सॉसेज, ती आम्ही फक्त बघितली. २०११ मध्ये इंग्लंडची राणी इथे येऊन मासेवाल्याशी हसत गप्पा मारून गेली.

(दृश्य: शँडनचा मनोरा, वर सोनेरी मासा)

आता शँडनची टेकडी चढायची. सेंट ॲन चर्च, १७२२ चं. मनोऱ्याच्या दोन बाजू लाल दगडाच्या, दोन पांढऱ्या, आणि कॉर्कच्या खेळाडूंची जर्सीपण लाल-पांढरी. वरच्या घड्याळाला गाववाले चार तोंडांचा खोटारडा म्हणतात, कारण चारी बाजूंना वेळ थोडी थोडी वेगळी दिसते.

(दृश्य: दोर ओढताना हात, आकडे लिहिलेलं कार्ड)

इथे घंटा आपण वाजवायच्या! आठ घंटा, आठ दोर, समोर कार्डावर आकडे, त्या क्रमाने ओढत गेलं की चाल वाजते, तीही सगळ्या गावाला ऐकू जाईल अशी. नवऱ्याने कार्ड बाजूला ठेवून आरतीची चाल बसवायचा प्रयत्न केला, तिसऱ्या ओळीला गाडी रुळावरून घसरली. मग कानाला हेडफोनसारखं लावून १३२ पायऱ्या चढलो. वरून ही छपरं, ही नदी.

(दृश्य: लोण्याचं म्युझियम, लाकडी पिंपं)

मला खरं यायचं होतं ते मनोऱ्याच्या पायथ्याशी, लोण्याच्या म्युझियममध्ये. माझं माहेर कोल्हापूरकडचं, बाबा तीस वर्षं डेअरीला दूध घालतात आणि तीस वर्षं घरात रोज एकच प्रश्न, आज फॅट किती लागली? फॅटवरच दुधाचा भाव ठरतो ना. कारण कॅन कोणाचा आहे ते बघून फॅट लागते, असं आमच्याकडे सगळे म्हणतात, तक्रार कोणी करत नाही.

आता इथे बघा. १७७० ला लोण्याचा बाजार सुरू झाला. शेतकरी शेजारच्या केरी परगण्याच्या डोंगरांतून घोडागाडीवर पिंपं लादून यायचे, त्यासाठी बांधलेल्या रस्त्याला आजही बटर रोडच म्हणतात. एका पिंपात साधारण २५ किलो लोणी. आपण धान्याच्या पोत्यात खुपसतो तशी पोकळ सळई तपासनीस पिंपात घालायचा, आतलं लोणी बाहेर काढून वास घ्यायचा, चव बघायचा, मीठ किती, पाणी किती, आणि मग प्रत ठरवून ती पिंपावरच डागायचा. आणि कुठला माल कुठल्या तपासनिसाकडे जाणार हे सोडत काढून ठरायचं, म्हणजे आधी कोणाला चहा पाजून ठेवायची सोयच नाही! मी या पाटीसमोर किती वेळ उभी होते ते फुटेजमध्ये आहे, कापलेलं नाही. तो डाग बघून वेस्ट इंडीजपर्यंतचे व्यापारी पिंप न उघडता लोणी घ्यायचे.

१८४५ नंतर बटाट्याचं पीक गेलं, त्या मोठ्या दुष्काळात लोक उपाशी मरत होते तेव्हाही इथून लोणी बाहेर जातच होतं. पुढे डेन्मार्कचं लोणी, मार्गारिन म्हणजे नकली लोणी वगैरे आलं आणि १९२४ ला बाजार बंद.

(दृश्य: हजारएक वर्षांपूर्वीचं लोण्याचं पिंप, काचेत. मग खोली, पाव, लोणी, लाल झालेली बोटं)

संध्याकाळी बाजारातून आणलेलं हे खारं लोणी, पावावर बोटभर जाड थर, पाव नावालाच.

(दृश्य: मोबाइलवर व्हिडिओ कॉल)

बाबांना म्युझियम दाखवलं, सोडतीचं सांगितलं. ते थोडा वेळ काहीच बोलले नाहीत. मग विचारलं, "फॅट किती लागतीया तिथं?"

चारच्या थोडी वर, मी म्हटलं.

"म्हंजी गायीचंच की."