गिरगाव: दोन खोल्यांत राहणाऱ्यांनी उभी केलेली मुंबई

चर्नी रोडला उतरलं की पश्चिमेला समुद्र आणि पूर्वेला गिरगाव. बहुतेक पब्लिक पश्चिमेला वळतं, चौपाटीवर भेळ खातं, सेल्फी काढतं आणि घरी जाऊन सांगतं की गिरगाव बघून आलो. ते काय गिरगाव नव्हे. आपण आज पूर्वेचा जिना उतरतोय.

आता इथे पाय ठेवायला जागा मिळत नाही पण एकेकाळी इथे गुरं चरायची. इंग्रज सरकारनं मैदानात गुरं चारायला फी लावली, गरिबांना ती कुठली परवडायला, तेव्हा १८३८ साली सर जमशेटजी जीजीभॉय यांनी पदरचे २० हजार रुपये घालून ठाकूरद्वारजवळ गवताची जमीन घेतली आणि चराई फुकट करून टाकली. बाकी सगळ्या वाड्या. केळेवाडी, आंबेवाडी, फणसवाडी, कांदेवाडी, झावबावाडी, उरणकरवाडी. मग शहर वाढलं, कोकणातून, देशावरून माणसं नोकरीला आली आणि वाड्यांमध्ये चाळी उठल्या. दोन खोल्या, समोर लांबलचक गॅलरी, टोकाला कॉमन संडास आणि एकेका बिऱ्हाडात आठ-दहा माणसं.

माझं म्हणणं असं की गिरगावात जे काय घडलं ते या दोन खोल्यांमुळेच घडलं. घरात बसायला जागाच नाही म्हटल्यावर माणूस गॅलरीत येणार, गॅलरीतून नाक्यावर जाणार, नाक्यावरून हॉलमध्ये, लायब्ररीत, देवळात, नाटकाला, सभेला जाणार. आणि हे सगळं चालत पाच-दहा मिनिटांवर.

आधी थेटरांकडे जाऊ, कारण तो विषय निघाला की गिरगावकराची छाती आपोआप फुगते. दादासाहेब फाळक्यांचा 'राजा हरिश्चंद्र' ३ मे १९१३ला लोकांसाठी लागला तो इथल्याच कोरोनेशन थेटरात. आणि पिक्चर बोलायला लागला तोही इथेच, १४ मार्च १९३१, मॅजेस्टिक सिनेमा, 'आलम आरा'. गर्दी एवढी झाली की आवरायला पोलीस बोलवावे लागले. त्या पिक्चरची एकही प्रिंट आज शिल्लक नाही आणि ते थेटरही नाही, तिथे शॉपिंग सेंटर उभं आहे, रोज शेकडो लोक त्याच्यासमोरून जातात आणि कुणाला पत्ता नसतो. थेटराचं नाव मात्र टिकलं ते पुस्तकांमुळे. केशवराव कोठावळ्यांनी १९४२मध्ये मॅजेस्टिकच्या शेजारी पुस्तकविक्री सुरू केली, त्याचा मॅजेस्टिक बुक स्टॉल झाला आणि पुढे प्रकाशनही.

ऑपेरा हाऊस तेवढं वाचलं. रॉयल ऑपेरा हाऊस, १९११मध्ये पंचम जॉर्ज मुंबईला आले तेव्हा त्यांच्या हस्ते उद्घाटन उरकलं, खरं तर तोपर्यंत बांधकाम पूर्णही झालं नव्हतं. बालगंधर्व इथे गायले, पृथ्वीराज कपूर यांनी नाटकं केली, मग सिनेमे लागायला लागले आणि १९९३ला बंदच पडलं. पुढची वीसेक वर्षं आपण बसमधून जाताना ती काळवंडलेली इमारत बघायचो आणि ही पण जाणार एक दिवस असं म्हणायचो. पण नाही गेली. गोंडलच्या राजघराण्यानं, त्यांच्याच मालकीची आहे ती, नीट डागडुजी करून घेतली आणि २०१६मध्ये पडदा परत वर गेला. कधी कार्यक्रम असेल तर तिकीट काढून आत जा आणि मान वर करून घुमट बघा, स्टेजवर जे चाललंय ते दोन मिनिटं राहिलं तरी चालेल!

याच भागात प्रोफेसर बी. आर. देवधरांची संगीतशाळा. कुमार गंधर्व लहान वयात इथे शिकायला आले. चौकाला विष्णू दिगंबर पलुस्करांचं नाव आहे. आणि तिकडे केळेवाडीत मुंबई मराठी साहित्य संघ. १९३५ची संस्था, सिनेमानं मराठी रंगभूमीचा श्वास कोंडला होता तेव्हा डॉ. अ. ना. भालेरावांनी नाट्यमहोत्सव भरवून तिला परत उभं केलं, म्हणून नाट्यगृहाला त्यांचं नाव.

आता प्रार्थना समाज. हा बस स्टॉप म्हणून सगळ्यांना माहीत, पण ही संस्था १८६७ची, डॉ. आत्माराम पांडुरंगांनी सुरू केलेली, मूर्तिपूजा नको, जातिभेद नको, विधवांची लग्नं झाली पाहिजेत असं म्हणणारी. स्वामी दयानंदांनी १८७५मध्ये आर्य समाज काढला तोही गिरगावातच. पंडिता रमाबाईंनी विधवांसाठी शारदा सदन उघडलं ते १८८९मध्ये चौपाटीजवळ, पुढे ते पुण्याला नेलं. म्हणजे देव मानणारे, वेगळ्या तऱ्हेनं मानणारे आणि सगळ्यांशी भांडणारे असे एकाच गावात, आणि भाजी घ्यायला बहुधा एकाच मंडईत.

गणपतीशिवाय गिरगाव सांगताच येत नाही. खाडिलकर रोडवरची केशवजी नाईकांची चाळ, मुंबईतला सर्वांत जुना सार्वजनिक गणपती इथला, १८९३चा. १९०१मध्ये लोकमान्य स्वतः आले होते. आता लालबागला डोळे दिपवणारं सगळं बघून तुम्ही इथे आलात तर म्हणाल, एवढाच? हो, एवढाच. छोटी मूर्ती, डीजे नाही, मिरवणूक पालखीतून. गॅलरीत ओळीनं कंदील लागलेले, खाली चौकात आरती आणि वरच्या मजल्यावरून कठड्याला रेलून टाळ्या वाजवणाऱ्या आज्या. आणि भव्यच हवं असेल तर निकदवरी लेनमध्ये गिरगावचा राजा आहे, एवढी उंच मूर्ती आणि ती शाडूच्या मातीची. अनंत चतुर्दशीला मात्र छोटे-मोठे सगळे चौपाटीलाच.

चौपाटीवर आज वाळू आणि फुगेवाले दिसतात, पण १ ऑगस्ट १९२०ला टिळक गेले तेव्हा लाखोंच्या गर्दीत अंत्यसंस्कार याच वाळूवर झाले, पुतळा आहे तिथे. आणि २० नोव्हेंबर १९५५ला काँग्रेसचे पुढारी मोरारजी देसाई आणि स. का. पाटलांची सभा याच चौपाटीवर लोकांनी उधळून लावली, मुंबई महाराष्ट्राला मिळणार नाही असं ऐकून घ्यायच्या मूडमध्ये गिरगाव नव्हतंच. तो जोर आता पाडव्याच्या शोभायात्रेत दिसतो, नऊवारी, नथ, फेटा आणि बुलेटवर बसलेल्या बायका.

भूक लागली असेल तर पणशीकरांकडे पियूष, विनय हेल्थ होमला मिसळ. एवढंच सांगतो, कारण गिरगावात खाण्यावर बोलायला लागलो तर व्हिडिओ संपायचा नाही आणि खाली कमेंटमध्ये भांडणं होतील ती वेगळीच.

खोताची वाडी शेवटी ठेवलीये. दादोबा वामन खोतांच्या जमिनीवर वसलेली, मुख्यतः ईस्ट इंडियन ख्रिश्चनांची वस्ती, लाकडी घरं, बाहेरून चढणारे जिने, पुढे ओटा, भिंती निळ्या, पिवळ्या, लाल, मध्येच एक क्रूस आणि गल्ली इतकी अरुंद की समोरून स्कूटर आली तर कुणाच्या तरी ओट्यावर चढावं लागतं. पूर्वी इथे साठेक घरं होती म्हणतात, आता त्याच्या निम्मीही नाहीत.

का नाहीत, तर तेच जे सगळ्या गिरगावात चाललंय. इथली बहुतेक बिऱ्हाडं भाड्याची नाहीतर पागडीची, म्हणजे सुरुवातीला मोठी रक्कम देऊन पुढे नाममात्र भाडं भरायचं. १९४७च्या भाडे कायद्यानं भाडी गोठली, त्या भाड्यात मालक साधा नळ बदलणार नाही, मग इमारतीला टेकू लागतात, म्हाडाची नोटीस येते, पाठोपाठ बिल्डर येतो आणि चाळीच्या जागी टॉवर. यावर गळा काढणारे खूप आहेत. मला विचाराल तर चाळ संस्कृती गेली म्हणून रडणाऱ्यानं एकदा सकाळी सात वाजता बादली घेऊन संडासाच्या लायनीत उभं राहावं आणि मग बोलावं. तिसऱ्या पिढीला स्वतःचं बाथरूम हवंसं वाटलं यात तिची काय चूक? पण टॉवर झाला की मेंटेनन्स परवडत नाही, म्हणून मूळ गिरगावकर जागा विकून दहिसर, डोंबिवली, विरारला जातो, आणि गणपतीत दहा दिवस लोकलनं परत येतो, ही गोष्टही तेवढीच खरी.

मेट्रो तीनसाठीही काही जुन्या इमारती गेल्या, लोकांचं पुनर्वसन इथेच करायचं असं ठरलं, वाद झाले, वर्षानुवर्षं रस्ते खोदलेले राहिले. २०२५च्या ऑक्टोबरमध्ये गिरगाव स्टेशन सुरू झालं. तेव्हा आता पार्किंग शोधत फिरू नका, मेट्रोनं या. सकाळी लवकर या म्हणजे गल्ल्या मोकळ्या असतात. आणि खोताच्या वाडीत फोटो काढताना आधी विचारा, ती लोकांची राहती घरं आहेत, प्री-वेडिंगवाल्यांनी आधीच त्यांचं डोकं खाल्लंय.